मेश्रामकाकांचे साहेब

मेश्रामकाका कुत्र्याला अहो-जाहो करत. "साहेब, चाला. पाय पुसून घ्या," असं ते अंगणातून ओरडत आणि पांढरं, कुरळ्या केसांचं, मांजराहून थोडं मोठं जनावर येऊन पायपुसण्यावर उभं राही. बालाघाटच्या आमच्या गल्लीत हे रोज ऐकू यायचं. काकांना हळू बोलताच येत नसे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, सुरुंगांच्या आवाजात त्यांची सगळी नोकरी झाली. एक कान पूर्ण बंद झाला होता, दुसऱ्याचा फारसा भरवसा नव्हता.

कुत्रा मुळात त्यांचा नव्हता. त्यांच्या मुलीने, पल्लवीने, नागपूरला आपल्या लेकीसाठी तो आणला होता. पूडलच्या मिश्र जातीचा, नाव कोको. पुढे भाड्याचं घर बदललं आणि नव्या मालकाला कुत्रा चालेना. "बाबा, आमचं स्वतःचं घर होईपर्यंत ठेवा," म्हणून ती त्याला इथे सोडून गेली. काकू वारल्यानंतरचं ते वर्ष. काकांनी त्याला सगळीकडून न्याहाळलं.

"हा कुत्रा हाय का मेंढरू? काम नाई, धंदा नाई, केस मात्र सेट. साहेबच हाय."

ते केस गळत नसत, नुसते वाढत आणि गुंतत. सलूनवाल्याने हात जोडले, तेव्हा काकांनीच कात्री घेतली. पहिल्या खेपेला साहेब निम्मेच उरले. गल्ली हसली. काकांनी आपल्या जुन्या स्वेटरची बाही कापून त्याच्या अंगात चढवली आणि त्याला घेऊन तसेच फिरायला निघाले.

पूर्वी त्यांच्या फाटकाशी हाका मारून माझा घसा बसायचा. आता कडी वाजली की कुत्रा आत जाऊन त्यांची लुंगी ओढायचा. कोणी शिकवलं नव्हतं. काका बाहेर येऊन सांगत, "साहेबानं बोलावलं मले."

दोनेक वर्षांनी पल्लवीचं घर झालं. कुत्र्याला न्यायला येत असल्याचा तिचा निरोप आला.

"देणार तुम्ही?" मी विचारलं.

"काहून नाई देणार? पोरीचा हाय, पोरगी नेऊन राह्यली."

पल्लवी आपल्या लेकीला, मिनीला, घेऊन आली. कडी वाजताच कुत्रा काकांची लुंगी ओढत त्यांना अंगणात घेऊन आला, ते पाहून ती म्हणाली, "बाबा, राहू द्या त्याला इथंच. मिनीला मी समजावते." मिनीचा चेहरा उतरला. काकांना पल्लवीचं बोलणं ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. ते मिनीकडे बघत होते. त्यांनी तिला शेजारी बसवलं, कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात कात्री दिली.

"डोयापाशी कापताना बोट मंधात ठेवाचं. घाई नाई कराची."

"आबा, इसको दर्द होगा?"

"कापलं तं नाई दुखत, बेटा. ओढलं तं दुखते."

दुपारी गाडी निघाली. काकांनी हात हलवला आणि लगेच पाठ फिरवून फाटक लावायला लागले. कोको मागच्या काचेला पंजे टेकून भुंकत होता, वळणापर्यंत.

कडी लावून काकांनी मला विचारलं, "काही म्हनला का गा तो?"

"हौ काका. भुंकत होता."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

त्यांनी मान हलवली. पण आत गेले नाहीत. बराच वेळ ते तिथेच उभे होते, बरा कान रस्त्याकडे करून.