येस म्हणजे येतो

"थांबा भाऊ, एक कार्ड राहिलं," असं म्हणून ती कुणालाही थांबवायची. मग ती ताप दाखवायला आलेली बाई असो, नाहीतर औषधांची खोकी उतरवून निघालेला मी. सलाईनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने पत्त्यांएवढी कार्डं केली होती. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर.

ती परदेशातली, वय बावीसेक. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यात वर्षभर बिनपगारी काम करायला आली होती. तिला तिच्या देशात डॉक्टर व्हायचं होतं. त्याची प्रवेशपरीक्षा इथून द्यायची तर मुंबईत, वर्षातून एकच दिवस. रोगी तिला अक्का म्हणायचे. माझ्या धाकट्या बहिणीहून ती लहान, तरी मीही अक्काच म्हणायचो.

पाड्यावरचा एक म्हातारा आबा तिचा परीक्षक होता. त्याला अक्षर कळत नव्हतं. तो कार्ड धरायचा, तेही बहुधा उलटं. ती उत्तर द्यायची आणि आबा "बरोबर" किंवा "चूक" सांगायचा. चूक म्हणाला की खरोखर चुकलेलं असायचं.

"आबा, तुमले कसं समजस?" मी एकदा विचारलं.

"वाचानं काय काम शे? तिनं तोंड दख ना!"

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ज्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, त्यांच्याशी सौदा करणं म्हणजे उघडे पत्ते खेळणं. मी ट्रकवर क्लीनर होतो. पाने-तेलात हात काळे करून स्वतःची जीप घेतली. भाव करताना आवाज चढतो माझा, पण शब्द मोडला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. फक्त तिने म्हटलं. ते मला अजून पचलेलं नाही.

झालं असं. परीक्षा शनिवारी सकाळी. शुक्रवारी दुपारी जळगावहून तिची मुंबईची रेल्वेगाडी. जीप ठरवायला ती माझ्याकडे आली. मी भाव सांगितला, तिने निम्मा सांगितला. मी थोडा उतरलो, ती जागची हलेना. शेवटी म्हणाली, "मग शुक्रवारी नऊ वाजता, फाट्यावर?"

मी भडकलो होतो. उठलो, टोपी घातली आणि "येस" म्हणून चालू पडलो.

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. येस म्हणायचं, म्हणजे येतो. गिऱ्हाईक मागून हाक मारतं आणि मग खरा भाव ठरतो, ही माझी नेहमीची रीत. तिने हाक मारली नाही. ती हसली. सौदा मोडल्यावर कुणी हसतं का? ते हसू मी पाहिलं होतं, हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी अकराच्या पुढे एसटीचा कंडक्टर स्टँडवर मला म्हणाला, "तुमची अक्का फाट्यावर पेटीवर बसलीय. दोन एसट्या सोडल्या तिने. म्हणते, भाऊंची जीप येतेय."

चहा तसाच टाकून मी जीप काढली.

फाट्यावर पोचलो तेव्हा ती कार्डं बघत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही येस म्हणालात."

"अहो अक्का, तुमचं येस नाही! आमच्यात येस म्हणजे येतो!"

"मग आला का नाहीत?"

मी पेटी मागे टाकली आणि जीप सोडली. जळगावची गाडी आता मिळत नव्हती. धुळ्याहून संध्याकाळी मुंबईची एसटी होती, म्हणून अमळनेरच्या रस्त्याला लागलो. वाटेत कापसाच्या गाड्या आडव्या. मी हॉर्न दाबून ओरडत होतो आणि शेजारी ती पुटपुटत होती. एका कार्डाला अडली, पुन्हा अडली. मग कार्डं पिशवीत टाकली आणि नुसती रस्त्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा मला तिचं भांडण चाललं असतं.

धुळ्याच्या स्टँडच्या फाटकातून मुंबईची एसटी बाहेर पडत होती. मी जीप आडवी घातली. ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तेवढ्यात मी पेटी आत ढकलली. तिने पायरीवरून नोटा पुढे केल्या, तिने सांगितला होता तेवढ्याच भावाच्या. मी घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या, तर सौदा झाला होता हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

तिचं वर्ष संपलं होतं. ती तिकडूनच मायदेशी गेली. वेळेत पोचली का, पेपर कसा गेला, कळायला मार्ग नव्हता. गरज नसतानाही मी दवाखान्याकडे फेऱ्या मारायचो.

बऱ्याच महिन्यांनी आबाने माझ्या हातात पाकीट दिलं. "अक्कानं शे. वाच."

वाकड्यातिकड्या मराठीत तिने लिहिलं होतं. पास झाली होती. डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. आबाच्या गुडघ्याची, पाड्यावरच्या प्रत्येक लेकराची चौकशी केली होती. दवाखान्याच्या ओट्यावरच्या बाया हसत, डोळे पुसत ऐकत होत्या. शेवटी एक ओळ होती: 'जीपवाल्या भाऊंना सांगा, मी त्यांना माफ केलं.'

ती मनातच वाचून मी थांबलो.

"पुढे काय शे?" आबा म्हणाला.

"काही नही. सगळासले नमस्कार शे."

पत्राची घडी करून त्याला दिली आणि जीप चालू केली. माफ? कशाबद्दल? कुणी मागितली होती माफी? फाट्यापर्यंत मी शेजारच्या रिकाम्या सीटशी मोठमोठ्याने भांडत होतो.