भाचीच्या कॉलेजबद्दल माझं मत

भाचीला ब्रँड मॅनेजर व्हायचंय आणि आमच्या घरात तो उद्योग करणारा मी एकटाच. एका लोणच्याच्या कंपनीत मी ब्रँड सांभाळतो. म्हणजे बरणीचं झाकण हिरवं असावं की लाल, यावर आठवडाभर गंभीर चेहऱ्यानं बैठका घेतो. त्यामुळे यंदा तिचं इंटर, म्हणजे बारावी, संपलं तसा मी एकदम थोर माणूस झालो. कधी नव्हे ते दाजी मला आपण होऊन फोन करू लागले.

दाजींचं अफझलगंजच्या बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान. त्यांनी मला तिकडे बोलावलं, चहा पाजला आणि विचारलं, पोरीनं इंजिनिअरिंग करून मग एमबीए केलं तर कसं? मी स्वतः त्याच रस्त्यानं आलेलो. शिवाय चहा फक्कड होता. म्हणालो, दाजी, याहून भक्कम रस्ता नाही. दाजी खूश.

मग भाची हिमायतनगरला एका किराणा दुकानात भेटली. तिला सरळ बीबीए करायचं होतं. तिनं विचारलं, इंजिनिअरिंगची चार वर्षं तुझ्या काय कामी आली? मी म्हणालो, काही नाही, थर्मोडायनॅमिक्सनं लोणचं खपत नाही, तू बीबीएच कर. भाचीही खूश. त्या दिवशी मी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो. हे दोघं एकाच घरात राहतात, एकाच पंगतीला जेवतात, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. गिऱ्हाइकाचा अभ्यास करायचा मी पगार घेतो.

रविवारी अक्कानं विद्यानगरला घरी जेवायला बोलावलं. भाचीला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. ती घ्यायची की सोडायची, हे त्याच संध्याकाळपर्यंत ऑनलाइन कळवायचं होतं. घरात मात्र कसलाच ताण नव्हता. आमच्याकडे बारशापासून बोहल्यापर्यंत मामा लागतो, त्याचा शब्द म्हणजे शिक्का. आणि शिक्का आपल्याच बाजूनं बसलाय, अशी दोघांचीही खात्री होती.

भाकरी मोडता मोडता दाजी म्हणाले, "मामानंच सांगितलंय, इंजिनिअरिंग."

भाची म्हणाली, "मामानंच सांगितलंय, बीबीए."

वांग्याची भाजी वाढणाऱ्या अक्काचा डाव हवेतच राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला आणि तसे दोन्ही रस्ते आपापल्या जागी चांगलेच, असलं काहीतरी सुरू केलं. भाचीनं ते अर्ध्यावर तोडलं.

"तुमच्या कामात हेच करतात का रे मामा? समोर येईल त्याला त्याचंच ऐकवायचं?"

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

"मग इंजिनिअरिंगच बरं," ती म्हणाली. "निदान पूल पडला तर कळतं तरी." ताट उचलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दाजी जिंकले होते, पण त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "आता खरं सांग. बरोबर केलं का तिनं?"

'हौ दाजी, एकदम बरोबर' हे माझ्या जिभेवर तयार होतं. माझी जीभ माझ्या आधी कामाला लागते. पण बंद दार समोर दिसत होतं. मी त्यांना हिमायतनगरच्या दुकानातली गोष्ट सांगितली. तिथे भाचीनं एका अनोळखी बाईला थांबवून विचारलं होतं, लाल झाकणाची बरणी उचलून परत का ठेवलीत? ती बाई सासूच्या सवयींपासून सगळं सांगत बसली. आमच्याच कंपनीच्या बरण्या, आणि मी बाजूला खांबासारखा उभा.

"मला हे अजून जमत नाही," मी म्हणालो. "तिनं बीबीए करावं. तुम्हाला पटणार नाही."

"आणि परत माझ्याच गल्ल्यावर येऊन बसली तर?"

"बसेलही. मी खात्री देत नाही."

"मग हे तिला सांग की. मी कायकू सांगू?"

मी बंद दाराला सगळं सांगितलं. आतून आवाज आला, "बाबांसमोर बोल."

"बोललो."

"परत बोल. मला ऐकू दे."

दाजी येऊन मागे उभे राहिले, त्यांच्या मागे अक्का. खरकटा हात तसाच धरून मी परत सगळं बोललो. दाजींना भक्कम म्हणालो ते त्यांना बरं वाटावं म्हणून. तुला चार वर्षं वाया गेली म्हणालो तेही पुरतं खरं नव्हतं. पहिली नोकरी मला त्याच डिग्रीनं दिली. तरीही तू बीबीए करावंस असं मला वाटतं. ऑफिसात माझ्या बोलण्यावर माना डोलतात. इथे एकही हलली नाही.

दार उघडलं. भाचीच्या हातात मोबाइल होता. तिनं वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"तुझं तू ठरव," दाजी म्हणाले. "पण याला विचारू नको."

तिनं तिथेच, दारात उभ्याउभ्या इंजिनिअरिंगची जागा सोडली. अक्का मला फक्त म्हणाली, हात धुऊन घे, वाळलाय.