वरच्या थरातले लाडू

माझी चुलतबहीण सहावीत डोंगरातल्या बोर्डिंग शाळेत गेली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तिला आई नव्हती, काकांची नोकरी फिरतीची, म्हणून तिला धाडलं, असं सगळे मला समजावत. मला एवढंच दिसे, की तिला नवी ट्रंक, निळा कोट आणि स्वतःची खाट मिळाली. आणि झाशीच्या रेल्वे क्वार्टरात मला तिचे जुने फ्रॉक.

त्यावर आणखी डबा! बाबा गार्ड होते. दर महिन्याला आई बेसनाचे लाडू करायची आणि बाबा तो डबा आग्र्यापर्यंत नेऊन पुढच्या गार्डाच्या हवाली करायचे. असा हातोहात तो शाळेच्या गावी पोचायचा. गार्ड मंडळींची ती रीतच होती. कोणाचं लोणचं, कोणाचा स्वेटर, सगळं असंच जाई. लाडू वळायला आई मला शेजारी पाटावर बसवायची. माझे लाडू लिंबाएवढे व्हायचे, ते ती कौतुकाने वरच्या थरात मांडायची. मी मात्र जळफळत वळत असे. माझ्या आईच्या हातचं हिने खायचं आणि खपायचं मी!

आम्ही दोघी आठवीत असताना दिवाळीला ती आमच्याकडे आली, ती परत जाईचना. ट्रंक भरायला घेतली की आईचा पदर धरून रडायची. "काकू, मला नका ना पाठवू." शेवटी काका हरले. तिने आमच्याकडेच राहायचं ठरलं आणि एवढी चांगली जागा वाया गेली म्हणून घरभर हळहळ सुरू झाली.

"मग मला पाठवा," मी म्हणाले.

"अगं, तिथे सहावीतच घेतात," बाबा म्हणाले. "तुझा टाइम निकल गया."

मी जेवण सोडलं. तेव्हा कुठे बाबांनी अर्ज केला आणि मला परीक्षेला नेलं. तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "इतनी देर से क्यों आई?"

"तब किसी ने पूछा ही नहीं," मी म्हटलं.

त्या हसल्या. मला जागा मिळाली. तिचीच जागा, तिचीच खाट, तिचीच ट्रंक. झाशीहून निघताना मी खिडकीत अशी ऐटीत बसले होते, की आईकडे धड पाहिलंही नाही.

मग पहिला डबा आला. झाकणाला इंजिनाच्या धुराचा वास होता, आमच्या घराचा वास. खोलीतल्या मुली भोवती जमल्या. मी झाकण काढलं. वरच्या थरातले लाडू चपटे होते, त्यांवर बोटांचे ठसे उमटलेले. आईचे लाडू गोल गरगरीत असतात. हे चुलतबहिणीने वळले होते. म्हणजे आता माझ्या पाटावर, आईला खेटून ती बसत होती आणि आई तिचे लाडू कौतुकाने वर मांडत होती.

तो सगळा थर मी मुलींना वाटून टाकला. खालच्या लाडवांना मात्र कोणाला हात लावू दिला नाही.