सतरा नंबरची कोरी ओळ

ज्या माणसानं अख्ख्या मोहल्ल्यातली घरं नोंदवली, त्यालाच एका दिवशी कचेरीतल्या बाबूनं सांगितलं की तुमचं घर नाहीच! आता या लोकांना म्हणावं तरी काय?

माणूस म्हणजे गोपाळकृष्ण मुळ्ये. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा ते घरनोंदणीचे कारकून होते. दारोदार हिंडायचं, घर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच रजिस्टरात लिहायचं. संस्थान गेलं, मध्य भारत आला, अण्णांना पेन्शन लागलं, आणि छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्य भारतही गेला. राज्यं बदलली, रजिस्टर तेच राहिलं.

पेन्शनीत निघाल्यावर अण्णांनी टांगा घेतला. लोक हसले. "अण्णा, अब सवारी ढोओगे क्या?" हसेनात का! त्यांच्या लेकीचा, सुलूचा, उजवा पाय लहानपणच्या तापात लुळा पडला होता, आणि माधव नगरातल्या मुलींच्या शाळेत तिला नुकती नोकरी लागली होती. रोज सकाळी अण्णा स्वतः लगाम धरून तिला शाळेच्या फाटकाशी उतरवत. घोडा अंगणात राही. टांगा काही दारातून आत जात नसे, म्हणून तो गल्लीतच भिंतीला लावलेला असे.

तेवढ्यात नवा हुकूम निघाला. गल्लीत गाडी ठेवायची तर तिथंच राहत असल्याचा दाखला पाहिजे, नाहीतर गाडी उचलून देवास गेटच्या सरकारी आवारात जमा होणार.

अण्णांना राग आला नाही. नियम म्हणजे नियम, म्हणून अर्ज घेऊन ते कचेरीत गेले. बाबूनं रजिस्टर उघडलं. अक्षर अण्णांचंच. सोळा नंबरचं घर होतं, अठरा नंबरचं होतं. मधली सतराची ओळ कोरी!

"सत्रह तो खाली प्लॉट है," बाबू म्हणाला.

अण्णांना सगळं आठवलं. आपलं घर आपल्याच हातानं नोंदवायचं नाही, दुसऱ्या कारकुनानं येऊन बघावं आणि लिहावं, म्हणून त्यांनीच ती ओळ सोडली होती. दुसरा कुणी कधी आला नाही, आणि अण्णांनीही कधी बोलावलं नाही. उलट त्या कोऱ्या ओळीचा त्यांना अभिमानच होता.

"अरे भैया, मैं वहीं रहता हूँ! पड़ोसियों से पूछ लो."

"पड़ोसी नहीं चलेंगे, रजिस्टर चलेगा." मग बाबूनं दौत पुढं सरकवली. "अक्षर तो आपका ही है. लिख दीजिए, किसको पता चलेगा?"

अण्णांचं डोकंच फिरलं. "तीस साल में नहीं किया, अब करूँ?" असं ओरडून ते तडक घरी आले. बघतात तर टांगा गायब! भिंतीवर चिठ्ठी डकवलेली: खाली प्लॉट के सामने लावारिस गाड़ी. अरे, ज्या भिंतीला खळ फासलीत ती कुणाची होती? आत घोडा खिंकाळत होता, तो काय हवेत बांधला होता?

सुलूला त्या दिवशी सुट्टी होती. अण्णांनी तिला सगळं सांगितलं, जरा छाती फुगवूनच.

"म्हणजे तुमचा हात स्वच्छ राहिला," सुलू म्हणाली. "आणि मी शाळेत जाऊ कशी? माझी नोकरी अजून कच्ची आहे अण्णा. रोज भाड्याचा टांगा माझ्या पगारात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून, काठी टेकत, ती पायी कचेरीत गेली. अण्णा "अगं, थांब" म्हणत मागून आले. तिनं ऐकलं नाही.

"मैं सत्रह नंबर से पैदल आई हूँ," ती बाबूला म्हणाली. "अब आप मेरे साथ पैदल चलिए. देख लीजिए, घर है कि नहीं."

कचेरीतली झाडून सगळी माणसं बघायला लागली. बाबूला उठावंच लागलं. रजिस्टर काखेत मारून तो तिच्या चालीनं भर बाजारातून निघाला. ती चार पावलं टाकी आणि थांबे. शेवटी त्यालाच राहवेना.

"बहनजी, टांगा कर लें?"

"टांगा तो आपके यहाँ जमा है," सुलू म्हणाली.

बाबूनं दार पाहिलं, अंगण पाहिलं, घोडा पाहिला. ओसरीवर बसून सतराची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं भरली. संध्याकाळपर्यंत गाडी सुटेल म्हणाला आणि मान खाली घालून निघाला.

अण्णांनी त्याच्यासाठी वाटभर शिव्या जमवल्या होत्या. त्या द्यायला तोंड उघडतात तोच सुलू पायरीवर बसली. पाय टम्म सुजला होता.

"सगळ्यांच्या दारात जाऊन आलात अण्णा. आपल्या दारात एका माणसाला बोलवायचं तेवढं राहिलं."

अण्णांच्या शिव्या तोंडातच राहिल्या. ते आत गेले, गरम पाण्याचं घंगाळ घेऊन आले, आणि लेकीचा पाय धरून खाली बसले.