चौऱ्याऐंशी सालचा कोकीळ

"गाणं काढून टाकायचं? आणि पाखरू ठिवायचं?"

"हो काका."

"आग, उलटं सांगालीस तू. एकोणीस वर्षं मी ते पाखरू काढायला मरालोय!"

"म्हणूनच तर! एकोणीस वर्षं, काका. हा केवढा डेटा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"स्वल्प कळत नाही बघ. काय की बा."

खंडोजीराव माइकसेटवाले हातातल्या क्यासेटीकडं बघत बसले. समोर श्वेता. पुण्याची पोरगी, सॉफ्टवेअरच्या कंपनीत कामाला, आणि गेले चार महिने त्यांच्याच माडीवरची भाडेकरीण. जिना दुकानातनं वर जातो. त्या दिवशी जिना चढताना तिला खाली वाजणाऱ्या क्यासेटीत वीणेच्या मागं कोकीळ ओरडलेला ऐकू आला, आणि वर जायचं सोडून ती थेट दुकानात येऊन उभी राहिली. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चातली.

तिचं म्हणणं असं. इंटरनेटवर अमेरिकेतनं एक यादी चालते. देशोदेशीची साधी माणसं, मास्तर, पोस्टमन, घरातल्या बाया, आपल्या गावात कोकीळ कधी ओरडला, किती वेळा ओरडला ते त्या यादीत कळवतात. शास्त्रज्ञ ते सगळं जोडून ऋतू पुढंमागं सरकतोय का बघतात. आता कुणाकडं दोन वर्षांची टिपणं असतात, कुणाकडं तीन. खंडोजीरावांकडं बेंगळुरातल्या चिकपेटेमागच्या राममंदिरातल्या रामनवमीच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या, त्यांनीच टेप केलेल्या, दर वर्षाची एक अशा एकोणीस क्यासेटी होत्या. एकच देऊळ, एकच आंब्याचं झाड, संध्याकाळचे तेच दोन तास.

"क्यासेटी अमेरिकेला पाठवाव्या लागतात?"

"नाही, नुसते आकडे. कोणत्या वर्षी किती वेळा ओरडला, एवढंच."

"आवाज नाही पाठवायचा?"

"नाही."

"मग ऐकणार काय ते?"

याचं उत्तर श्वेतानं दिलं, पण खंडोजीरावांच्या डोक्यात काही शिरलं नाही.

माणूस कसला होता सांगतो. घराणं मराठा, बेंगळुरात कितव्या पिढीत आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावले की दोन्हींची मिसळ. बाप ग्रामोफोन दुरुस्त करायचा. ह्यांनी पत्र्याचे भोंगे, ॲम्प्लीफायर, माइक असं जमवून माइकसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. लग्न, बारसं, निवडणूक, जत्रा, काही का असेना. पण जीव सगळा त्या राममंदिरातल्या एका संध्याकाळीत. बाया गुळाचं पानक आणि डाळीची कोसंबरी वाटायच्या, लोक मांडी घालून बसायचे, आणि खंडोजीराव मांडवाच्या कोपऱ्यात ॲम्प्लीफायरच्या पेटीवर कान लावून. माइकवाला दिसता कामा नये, हा त्यांचा धर्म. लोकांनी मान वळवून आपल्याकडं बघितलं म्हंजे आपलं कायतरी चुकलं. घरघर नको, शिट्टी नको, आणि आंब्यावरचा तो चांडाळ तर नकोच नको. कार्यक्रमाआधी ते हातात चिंध्यांचा बोळा बांधलेली काठी घेऊन झाडाखाली फिरायचे. देवळात आलेल्या परक्या माणसाला वाटायचं, हा गडी आंबे पाडतोय.

आणि आता ही पोरगी म्हणत होती, तोच चांडाळ खरा माल आणि गाणं हा कचरा.

तरी बसले. रोज संध्याकाळी श्वेता हापिसातनं आली की खंडोजीराव एक क्यासेट लावायचे. ती वहीत रेघा मारायची. एकोणऐंशी साल, बेचाळीस वेळा. ऐंशी, एकतीस. पहिले दोन दिवस खंडोजीराव मधेच म्हणायचे, "हां, ही तान ऐक, ही." श्वेता म्हणायची, "शू, काका, मागे तो बोलतोय." पाचव्या दिवशी मात्र आक्रीत झालं. त्र्याऐंशी सालची क्यासेट लावली आणि खंडोजीरावांना गाणं ऐकूच येईना. नुसता कोकीळ. गाणारी बाई तोंड उघडून बसलीय आणि आवाज झाडातनं येतोय असं काहीतरी. त्यांनी कान चोळला, बटण फिरवलं, डोकं हलवलं.

"कौशल्या, माझ्या कानाला काय झालं की."

"कानाला काय हुणार? एकोणीस वर्षं त्याला शिव्या घातल्या, आता तो फेडून घ्यालाय," आतनं बायको म्हणाली.

मग चौऱ्याऐंशी सालची निघाली. पद्मनाभय्यांची वीणा.

ही क्यासेट सगळ्या पेटेत माहीत. दर रामनवमीला सकाळी मांडव उघडताना देवळाचे लोक हीच लावतात. त्यातलं कल्याणी रागाचं आलापन ऐकून मैसूरहून माणसं पद्मनाभय्यांना भेटायला आली होती. विद्वान, सगळे त्यांना असंच म्हणतात, आता शहात्तरीचे, बोटं थरथरतात, वीणा भिंतीला टेकवून ठेवलेली. पण कुणी घरी आलं की सांगायचं एवढंच, "चौऱ्याऐंशीची ऐकलीत? सगळ्यांपुढं वाजवलेलं. एका दमात."

दोन तास क्यासेट वाजली. श्वेतानं पेन्सिल खाली ठेवली.

"शून्य! एकदाही नाही. किती स्वच्छ आहे हो, काका."

"हां. त्या साली... नव्हता."

"त्या साली कुणी खोकलंपण नाही वाटतं," कौशल्याबाई दारात येऊन उभ्या. "आलापनात आठ मिनिटं. ना खोकला, ना पोर रडलं, ना भांडं वाजलं. बेंगळुरात असली माणसं कुठनं आणलात?"

"तू जा आत."

"जातो की. सुम्ने, उगीच विचारलं."

श्वेतानं वहीत लिहिलं, चौऱ्याऐंशी, शून्य.

कौशल्याबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या साली आलापन सुरू झालं तसा कोकीळ जो लागला तो थांबेना. चढत चढत वर. विद्वान भडकले. खंडोजीरावांनी झाड हलवून त्याला हाकललं खरं, पण ती आठ मिनिटं क्यासेटीत गेली ती गेलीच. पुढं आषाढात विद्वानांनी त्यांना घरी बोलावलं, दारंखिडक्या लावल्या, टिकटिक नको म्हणून भिंतीवरचं घड्याळ अंगणात नेऊन ठेवलं आणि तेवढंच आलापन परत वाजवलं. दोन टेपरेकॉर्डर लावून खंडोजीरावांनी ते जुन्यात असं बसवलं की सांधा वैऱ्यालासुद्धा सापडू नये. मूळ क्यासेटीवर नंतर कुणाचंतरी लग्न टेप झालं. आणि विद्वानांनी त्यांना वीणेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, हे कुणाला सांगायचं नाही.

एकोणीसही क्यासेटी मोजून झाल्या, आकडे गेले, आणि आठवड्यानं श्वेता उड्या मारत खाली आली. हातात छापलेला कागद.

"काका, उत्तर आलं! तुमचे आकडे बघून ते लोक वेडे झालेत. आणि सगळ्यात जास्त इंटरेस्ट कशात माहितीये? चौऱ्याऐंशीत! अठरा वर्षं ओरडतो आणि एकाच वर्षी गप्प? ते विचारतायत, त्या वर्षी थंडी लांबली होती का, झाडं तोडली होती का. ह्यावर ते लेख लिहिणार आहेत. वर तुमचं नाव! के. खंडोजी राव, बेंगळूर!"

खंडोजीरावांनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव आणि १९८४ एवढं कळलं. दोन्ही एकाच ओळीत होती.

त्या दिवशी जेवणात त्यांनी भातावर दोनदा मीठ घातलं. कौशल्याबाई बघत होत्या.

"सांगून टाका की."

"कुणाला? पोरीला सांगितलं तर विद्वानांची शपथ मोडली. नाही सांगितलं तर तिकडं ते शास्त्रज्ञ माझ्या सांध्यावर पुस्तक लिहितील. नसलेली थंडी शोधतील ते, कळालं काय तुला? मी पाखरू काढलं, आणि त्यांना वाटालंय देवानं काढलं."

"मग विद्वानांकडं जावा."

"जाऊन काय म्हणू?"

"ते मला काय विचारता? माइक तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. विद्वानांचं घर देवळामागं, दोन गल्ल्या सोडून. बोलणं कन्नडात झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

"विद्वान, ते चौऱ्याऐंशीचं आलापन..."

"हां! सगळ्यांपुढं, एका दमात."

"ते नव्हे. तो कोकीळ..."

"कसला कोकीळ?"

"तेवढं आपण परत घेतलं, आषाढात. हितंच, ह्या खोलीत. घड्याळ बाहेर ठेवलेलं."

पद्मनाभय्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू खंडोजीरावच पिऊन आलेत. "खंडोजी, तुझं वय झालं. मी देवळात वाजवलंय ते. समोरची माणसं दिसतात मला अजून. उजवीकडं खांबाला टेकून तो तेलाचा व्यापारी बसलेला."

खोटं बोलत नव्हते. चौदा वर्षं तीच क्यासेट ऐकून ऐकून त्यांना ते तसंच आठवत होतं. आणि इतक्या खात्रीनं माणूस बोलतोय म्हटल्यावर खंडोजीरावांचाच पाय सरकला. आपण खरंच सांधा मारला का? सांधा तर सापडत नाही. मूळ क्यासेट नाही. साक्षीदार आपण आणि आपली बायको. आपल्यालाच भलतं सालतं आठवत असलं तर?

"काय ओरडला म्हणतोस?" विद्वान म्हणाले. "कर बघू."

आता साठीचा माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर बसून काय करणार? केलं. खंडोजीरावांनी डोळे मिटले आणि आवाज काढला, कुऊ. मग थोडा वर, कुऊ. आणखी वर, कुऊ. एकोणीस वर्षं ऐकलेला, त्यामुळं चढ बरोबर आला. आतनं विद्वानांची सून दळण टाकून बघायला आली.

पाचव्या कुऊला पद्मनाभय्यांनी मांडीवर थाड्‌दिशी हात मारला.

"बास! अरे, एका स्वरावर उभं राहायचं नाही का मेल्यानं! षड्जावर सुरू करतो आणि सरकतो, सरकतो..." आणि थांबले. कपाळावरची शीर फुगली होती. राग अगदी ताजा होता, चौदा वर्षांचा वाटतच नव्हता.

"होता," मग ते हळू म्हणाले. "होता तो. घड्याळ... मीच बाहेर ठेवलं होतं."

विद्वान बसल्या जागी पुढं सरकले.

"मग देवळात मी काय वाजवलं? ते कसं झालं होतं?"

"पहिल्या दोन वेळा तुम्ही त्याला उत्तर दिलं, विद्वान. तो जिथं जाईल तिथं तुम्ही तारेवर गेला. लोक हसले, माना डोलावल्या. मग तुम्हाला राग आला."

"मी उत्तर दिलं?"

"हां."

"आणि ते तू पुसलंस."

"तुम्ही सांगितलं म्हणून पुसलं!"

"हां. सांगितलं असंल." विद्वानांनी भिंतीला टेकवलेल्या वीणेकडं बघितलं, हात मात्र लावला नाही. खंडोजीरावांनी शपथेचं काढलं, अमेरिकेचं काढलं, श्वेताचं काढलं. विद्वानांनी सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, "कॉफी घेऊन जा." म्हंजे त्यांनी शपथ सोडली, की नुसतं बस म्हणाले, की ऊठ म्हणाले, हे खंडोजीरावांना वाटेत चार वेळा विचार करूनही कळलं नाही.

तरी संध्याकाळी श्वेताला सांगितलं. सगळं, घड्याळासकट.

पोरीचं तोंड उतरलं. "म्हणजे शून्य खोटं?"

"शून्य माझं. त्याचं नव्हे."

"मग किती वेळा ओरडला होता?"

"लई वेळा. मोजलं कुणी? तवा तर मी काठी शोधत होतो."

तिनं कागद काढला. "फॉर्ममध्ये ओरडला, नाही ओरडला आणि माहीत नाही, एवढंच आहे. ओरडला आणि नंतर काढला, असा कॉलमच नाही, काका." मग खाली कोऱ्या जागेत इंग्रजीत बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं. विद्वानांचं नाव घातलं नाही, 'वादक' एवढंच. लिहून झाल्यावर पेन्सिल हातात तशीच धरून तिनं विचारलं, "आणि बाकीची अठरा?"

खंडोजीरावांना तो प्रश्न यायच्या आधीच दिसला होता.

"त्यात काय नाही केलं."

"नक्की?"

"जिथं आहे तिथं आहे. मी आणखी कशावर हात ठिवून सांगू?"

"सरी," ती म्हणाली. पुण्याच्या पोरीच्या तोंडात हे कानडी 'बरं' चार महिन्यांत बसलं होतं. पण ह्या एका शब्दात तिनं आपल्याला खरं मानलं की नुसतं आयितु, झालं, म्हणून वही मिटली, ते खंडोजीरावांना ओळखू आलं नाही. पोरगी जिना चढून गेली. ते तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले, आणि त्यातनंही काही उलगडलं नाही.

"अहो, शिवाजीनगरचं बारसं!" कौशल्याबाई ओरडल्या. "टेंपो येऊन उभा आहे कवाचा!"

खंडोजीराव उठले. दोन भोंगे एकमेकांत घातले, वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, माइकचा डबा काखेत मारला. बेंगळुरातल्याच त्या शिवाजीनगरात पोचले तवा पाहुणे जमत होते. भोंगा गच्चीच्या कठड्याला बांधला, वायर खाली सोडली, पेटीपाशी बसून माइक तोंडाजवळ धरला.

"हॅलो. ओंदु. एरडु. मूरु."

कायतरी घरघरत होतं. त्यांनी खाली वाकून वायर चाचपायला सुरुवात केली.