फुक्या मिस्त्री आणि गरम हवेची पेटी

फुक्या मिस्त्री स्वतः कधी बिडी ओढत नसत. बिडी ते गाडीला पाजत. खाकी सदऱ्याच्या खिशात बिड्यांचा कट्टा कायम असे, पण तो मोटारींसाठी. ड्रायव्हरने तक्रार आणली की ते इंजिन चालू करायला लावत, केबिनच्या काचा वर करत, बिडी पेटवण्यापुरता एक झुरका घेत, तोही थुंकून टाकत, आणि मग तिचा धूर पायापाशी, दाराच्या फटींशी धरून नुसते बघत बसत. धूर कुठे ओढला जातो, कुठून मागे ढकलला जातो, यावरून त्यांना हवेची वाट कळे. ‘‘गाडी कुठी दम घेते अन् कुठी सोडते, थे धूर सांगते,’’ असे म्हणत. ड्रायव्हर लोक पाठीमागे त्यांना फुक्या म्हणत, तोंडावर मिस्त्रीभाऊ. दोन्ही नावे त्यांना ठाऊक होती.

मी एकोणिसाव्या वर्षी चांद्याहून त्या सागवानाच्या डेपोत कारकून म्हणून आलो. अहेरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून लाकडाच्या थप्प्या, चार झोपड्या आणि मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी दुरुस्त करत ती एक पत्र्याची छपरी, एवढा तो डेपो. माझ्या ट्रंकेत दोन सदरे होते आणि बाकी सगळी कामगार चळवळीची पत्रके. ती वाचूनच मी लहानाचा मोठा झालो होतो. ठेकेदार मालक चांद्याला राहत. डेपोवर राज्य दिवाणजींचे. डेपोची स्वतःची गाडी एकच, लढाईनंतर लिलावातून आणलेली जुनी पिकप. ती चालवी मल्लय्या, सिरोंच्याकडचा तरणा माणूस. आधी तो मोहाची दारू पीत असे. मूल दगावले तेव्हा त्याने बायकोचा, राजक्काचा, हात धरून ती सोडली. पुन्हा शिवला नाही. राजक्का हे ज्याला त्याला सांगे. तिच्याजवळ मिरवण्यासारखे तेवढेच होते.

ती पिकप कुठल्यातरी थंड मुलखासाठी बनवली होती. इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा नळा तापून लाल होतो. त्या नळ्याभोवती पत्र्याची एक पेटी होती. पेटीतली हवा तापे आणि भोकावाटे केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायावर येई. भोकाला झडप होती, पण तिची तार तुटून ती उघडीच अडकली होती. ऐन वैशाखात मल्लय्या छपरीत आला आणि पाय वर करून बसला.

‘‘मिस्त्रीभाऊ, पायापाशी मक्याची कणसं ठेवली तं डेपोत येईपर्यंत भाजून निंगतीन.’’

मिस्त्री हसले नाहीत. ड्रायव्हरच्या बोलण्याला ते कधी हसत नसत. आधी विचारत, ‘‘कुठी लागते? चढावर का उतारावर? काच उघडी का बंद?’’ वैद्य विचारतो तसे. ड्रायव्हर खोटे बोलत नाही, त्याला फक्त सांगता येत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी बिडी लावली, गाडीखाली गेले, झडप ओढून तारेने बांधून टाकली. तेवढ्यावर थांबले नाहीत. समोरच्या काचेखालचा झरोकाही त्यांनी खोलला. ताजी हवा तिथून यायची. आत सागाची पाने दाबून बसली होती आणि त्यावर गांधीलमाश्यांनी मातीचे घर केले होते. ते सगळे त्यांनी हाताने उपसले. दोन ठिकाणी डंख घेतले. वर येऊन म्हणाले, ‘‘हे थंड मुलकातल्या लोकायनं बनवलं. त्यायच्या पायाले बरफ लागते, तुया पायाले ऊन. गाडीची काही चुकी नाई, मल्लू.’’

गाडीची चूक नाही, हे वाक्य मला चीड आणी. मी म्हणे, ‘‘मिस्त्रीभाऊ, चूक मालकाची आहे. भंगार गाडी माणसाच्या जिवावर चालवतो.’’ ते स्क्रू पुसत म्हणत, ‘‘असन. पन मालक गाडीखाली नाई सापडत. नळा सापडते.’’ मला हा माणूस भाबडा वाटे. अन्याय समोर दिसत असताना नळ्यांकडे बघणारा.

पौषात थंडी पडली. आमच्या जंगलात पहाटे हात स्टिअरिंगच्या चाकावर ठरत नाहीत. मल्लय्याने झडपेची तार स्वतःच सोडली. ‘‘उन्हाळ्यात शिव्या देल्या, आता पाया पडतो तिच्या,’’ म्हणाला. आठ-दहा दिवसांनी तो डोके धरून छपरीत आला. पहाटे निघाले की घाट उतरेपर्यंत डोके फुटते, मळमळते, खाली उतरून थोडे बसले की बरे वाटते. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

त्यांनी सुटले तेवढे बोल्ट सैल केले. पेटीचा एक कोपरा उचकटला आणि तापल्या बिडावर फडके धरून बोटाने चाचपले. नळ्याला चीर गेली होती. नखाएवढी. इंजिनाचा जळका धूर पेटीत आणि पेटीतून केबिनमध्ये जात होता.

मल्लय्या भ्याला नाही. आमच्याकडे धुराला कोणी भीत नाही. झोपडीत चूल धुमसत ठेवतात, डास पळतात, आढ्याला टांगलेले बियाणे किडत नाही. ‘‘धुरानं मानूस मरत असता तं माही माय कवाच मेली असती,’’ तो म्हणाला.

‘‘तुया मायच्या घराले वरून फटी हायेत, बाप्पा. ह्या डब्याले नाई. अन् ह्या धुराले वासही थोडाच येते.’’

उपाय सोपा होता. नवा नळा नागपूरहून येईपर्यंत पेटी काढायची आणि भोक पत्र्याने बंद करायचे. पण बाकीचे बोल्ट गंजून बसले होते, दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागणार होती. दिवाणजी म्हणाले, ‘‘माल अडकला आहे. लिहून द्या, मालकांकडे पाठवतो. गाडीबद्दल ते स्वतः वाचतात.’’ झडप पुरती मिटत नव्हती, म्हणून तोवर मिस्त्रींनी भोकात ओले पोते कोंबले, वरून माती लिंपली आणि मल्लय्याला काच उघडी ठेवायला सांगितले.

मग माझ्याकडे आले. त्यांना लिहिता येत नव्हते. ‘‘चार ओळी लिव, भाऊ. नळा चिरला. धूर आत येते. ड्रायवर मरन. दोन दिवस गाडी उभी ठेवा. बस.’’

मी दोन पाने लिहिली. त्यात मालकशाही होती, घाम होता, रक्त होते, उगवणारी पहाट होती. नळा दुसऱ्या पानावर आला, शेवटून तिसऱ्या ओळीत. मी वाचून दाखवले. मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते.

‘‘नळा लय उशिरा आला.’’

‘‘मालकाला लाज वाटली पाहिजे, मिस्त्रीभाऊ.’’

‘‘लाज कायले? त्याले नळा कळू दे.’’ पण मी शिकलेला. मला कळत असेल, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी अंगठा दिला.

दिवाणजींनी ते पत्र आलेल्या पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवले. रक्तापाशी सगळे हसले. पत्र टपालात न जाता खणात गेले. हे मी दाराशी उभा राहून पाहिले. आणि मला अभिमान वाटला. आपले शब्द त्यांना झोंबले, असे वाटले. मिस्त्रींना मी काही सांगितले नाही. ते रोज सकाळी विचारत, ‘‘चांद्याहून काही आलं?’’ मी नाही म्हणून मान हलवी.

चौथ्या दिवशी सकाळी पिकप रस्त्याच्या कडेला एका ऐनाच्या झाडाला हलकेच टेकून उभी सापडली. इंजिन चालू. माल जागच्या जागी. काचा वर. मल्लय्याचे डोके चाकावर होते. माती वाळून, हादऱ्यांनी फुटून पोत्यासकट त्याच्या पायापाशी पडली होती. त्याचे ओठ लाल दिसत होते, पान खाल्ल्यासारखे. तो पान खात नसे.

दिवाणजी आले, बघितले आणि म्हणाले, ‘‘प्यायला असेल.’’ ठाण्यावरून जमादार येईपर्यंत चार माणसे तेच म्हणू लागली होती. पंचनामा लिहायला मला बसवले. राजक्का थप्पीपाशी बसली होती, रडत नव्हती. ‘‘त्यानं सोडली होती,’’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. जमादाराने तिला दूर करायला सांगितले.

मी तेव्हा उठून मिस्त्रींना बाजूला घेतले आणि पत्र खणातच आहे, मला माहीत होते, हे सांगून टाकले. ‘‘पयलेच सांगतलं असतं, तं म्या कोनाले न पुसता पेटी काढली असती,’’ ते म्हणाले. आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरे वाटले असते.

मग ते मल्लय्यापाशी गेले, वाकले, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि जमादाराला म्हणाले, ‘‘हा प्यायला नाई. माहं लिहून घ्या.’’

दिवाणजी म्हणाले, ‘‘मिस्त्री, विचार करून बोला. अंगाशी येईल.’’

‘‘येऊ द्या ना.’’

त्यांनी सांगितले, मी त्यांच्याच शब्दांत लिहिले: नळा चिरला होता. मला ठाऊक होते. भोक मी मातीने बुजवले. माती पडली. ड्रायव्हर प्यायलेला नव्हता. मी मध्येच पत्राचे आणि दिवाणजींचे नाव घातले. त्यांनी वाचायला लावले आणि माझ्या हातावर हात ठेवला. ‘‘थे खोड. माह्या हातानं जे केलं, थेच लिव. बाकीचं लिवलं तं हे लोक त्याच्यावरच भांडतीन, अन् मल्लू दारूड्याच राहीन.’’ मी खोडले. अंगठा उठला. ओळी पाच होत्या.

त्या पाच ओळींनी मल्लय्याचे नाव धुतले. त्याच पाच ओळींवरून मिस्त्रींवर हलगर्जीपणाचा ठपका आला. दिवाणजींना तेच हवे होते. दोन दिवसांनी शिपाई त्यांना न्यायला आला. पुढे चांद्याच्या तुरुंगात ते तापाने गेले, हे मला फार उशिरा कळले.

शिपाई त्यांना घेऊन निघाला त्या दिवशी, चांद्याची मोटार उभी होती त्या नाक्यावर राजक्का आली. पदर डोक्यावर, पाय अनवाणी. मी मिस्त्रींचे गाठोडे धरून उभा होतो.

‘‘मिस्त्रीभाऊ, तुमाले ठाऊक होतं?’’

‘‘होतं, बाई.’’

‘‘अन् चालू देली गाडी?’’

‘‘चालू देली.’’

मग तिने विचारले, ‘‘अजून कोनाले ठाऊक होतं?’’

मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर. तोंड उघडले तर एक शब्द पुरे होता. मिस्त्रींनी माझ्या हातातून गाठोडे काढून घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘कोनालेच नाई.’’

त्या माणसाला खोटे बोलताना मी ऐकले ते तेवढ्याच एका वेळी, आणि मी ते बोलू दिले.