नळाच्या पाण्याला भरती नाही

ये गं, इकडे जवळ येऊन बस. दाराशी अशी टेकू नकोस, निघायच्या घाईत असल्यासारखी. मी जरा रागावलेय तुझ्यावर. परवाच्या हळदीत तू नाचलीस, छान नाचलीस, पण त्या डीजेवाल्याला ओरडून काय सांगितलंस? "ते आपलं जुनं लाव ना, विहिरीचं, आजीच्या आजीचं." मी मागे खुर्चीत बसले होते. तुझी सख्खी मावशी. ते गाणं आजीच्या आजीचं नाही, माझं आहे. तुला कोणी सांगितलं नाही, त्याला तू काय करणार? पण मला कधी विचारलंही नाहीस.

तर ऐक आता.

मी अर्नाळ्याची, लग्न होऊन मनवेलपाड्याच्या चाळीत आले, हे तुला ठाऊकच आहे. तुझे काका कारखान्यात हिशेबनीस. त्यांच्याकडे दरवर्षी स्पर्धेचं नाटक बसायचं. पुरुषांची कामं कारखान्यातलीच माणसं करायची आणि बायकांच्या कामाला बाहेरून नटी आणायची, अशी पद्धत. एका वर्षी ठरलेली नटी ऐनवेळी आलीच नाही. काका घरी येऊन म्हणाले, "तू भांडतेस चांगली. तुला जमेल." अशी मी नटी झाले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भांडी घासून जा."

पुढे आसपासच्या नाटकमंडळ्यांतूनही बोलावणी येऊ लागली. कामं कुठली, तर मोलकरीण, शेजारीण, मासेवाली. नायिकेचं काम मागितलं की दिग्दर्शक गोड हसायचा. "वहिनी, काम तुमचं झकासच असतं, पण भाषा जरा किनाऱ्याची येते." ज्या भाषेपायी तिथं अडलं, तिच्याचमुळे रेडिओवर बोलावणं आलं, हेही खरं. खेड्यापाड्याच्या कार्यक्रमांतल्या श्रुतिकांना त्यांना तसलाच आवाज हवा होता. मला तर ते बरंच वाटलं. तिथं तोंड दिसत नाही, साडी जुनी चालते. बांगड्या तेवढ्या काढून ठेवायच्या, माइकला त्यांची किणकिण चालत नाही. कागद सुटे धरायचे आणि एक वाचून झाला की हलकेच खाली सोडायचा, पान उलटल्याचा आवाज येता कामा नये. मी तिथं सासू झाले, म्हातारी झाले, एकदा बकरीसुद्धा झाले.

आणि घरी पाणी नव्हतं. मनवेलपाड्याला तेव्हा नळाला पाणी यायचं म्हणजे देव पावायचा. हंड्यांची रांग लागलेली आणि नळ नुसता फुसफुसतोय. माहेरी उंबऱ्यापर्यंत दर्या, इथं घोटभर पाण्यासाठी भांडणं. त्या रांगेत उभ्या उभ्या मला ओळी सुचल्या, आईच्या बोलीत.

दारान दर्या नाय गो आये,
नलाच्या पान्याला भरती नाय.

पुढची कडवी मी स्वयंपाक करता करता केली. चालही माझीच. पेटी मी पुढे शिकले, कुणाकडे न जाता, हाताला सापडेल तशी.

एकदा श्रुतिकेच्या तालमीत चहाच्या वेळी मी ते गुणगुणत होते. कार्यक्रम सांभाळणाऱ्या बाईंनी ऐकलं. भल्या होत्या हं त्या, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. "हे कुणाचं गं?" "माझं." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "स्वतःचं म्हणून घ्यायचं तर आधी गीतकार म्हणून मान्यता हवी. त्याला किती काळ लागेल सांगता येत नाही. लोकगीत म्हणून गा, या आठवड्यात घेते." मला गायचं होतं. माझं गाणं हवेतून अर्नाळ्याला आईच्या घरात पोचणार, एवढंच डोक्यात होतं. मी गायले. निवेदक म्हणाला, "ऐकूया, वसईच्या किनाऱ्यावरचं एक पारंपरिक गीत." ते ऐकताना आईनं म्हणे सुपातली सुकट तशीच ठेवली होती.

ते गाणं लोकांनी उचललं. दोन-तीनदा पुन्हा लागलं. मग माणिकपूरला एका कॅसेटच्या दुकानाबाहेर मला ते ऐकू आलं. दुसरीच बाई गात होती, खाली ढोलकी, मध्येच शिट्टी. मी रिक्षातून उतरले आणि उभी राहून ऐकलं. माझा नळ नव्हता त्यात. नळाच्या जागी विहीर होती. विहिरीच्या पाण्याला भरती नाय.

अगं, अर्नाळ्यातलं कुठलंही पोर सांगेल, किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी दर्याबरोबर चढतं नि उतरतं. भरतीला ते वर येतं, ओहोटीला घागर खोल सोडावी लागते. विहिरीला भरती असते. भरती नसते ती नळाला, म्हणून तर मी गाण्यात रडले होते.

कॅसेट काढणारा माणिकपूरचाच, लग्नात ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारा. गेले त्याच्याकडे. त्यानं खुर्ची दिली, थंड मागवलं.

"ताई, रेडिओवर पारंपरिक म्हणाले होते. मी स्वतः ऐकलंय."

"पण केलंय मी. आणि नळ का काढलात?"

"जुन्या गाण्यात नळ कसा असेल? लोक हसतील. विहीर शोभते."

"जुनं नाहीच ते. म्हणून तर नळ आहे."

"ताई, गाव तुमचं, गाणं गावाचं. एवढं मन मोठं करा."

मोठं मन नेहमी माझ्यासारखीनंच करायचं असतं. थंड मी प्यायले नाही.

मग माहेरी गेले. म्हटलं, परक्यांचं जाऊ दे, आपल्या बायका तरी माझ्या बाजूनं बोलतील. ओटीवर आई आणि माझी आत्या बोंबील निवडत होत्या. सगळं सांगितलं. आत्या मान वर न करता म्हणाली, "हळदीला गाना कोनाचा असते गो? एकीनं ओल काढली का दुसरी पुढं जोडते. कोन लिवून ठेवते काय?"

"हे कुणी जोडलं नाही आत्या, मी एकटीनं केलंय. जाळ्यातली मासळी जाळं टाकणाऱ्याची ना? मग गाणं का नाही?"

"मासली खाल्ली का संपते. गाना संपते काय?"

आई हसली. माझी आई, जिनं सूप बाजूला ठेवून ऐकलं होतं, ती हसली. "विहिरीचं चुकलंय ते तरी मानाल ना?" मी म्हटलं. आत्या म्हणाली, "चुकला तं चुकला. नाचाला बरा हाय." आणि त्या वर्षी अर्नाळ्याच्या लग्नांत, रोज त्याच विहिरींवर पाणी भरणाऱ्या बायका विहिरीला भरती नाय म्हणून गायल्या. त्या माणसावरचा माझा राग मी समजू शकते, तो परका. या बायकांवरचा राग कुठं ठेवायचा मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर नाटक सोडलं, रेडिओही सोडला. ठरवलं, आता दुसऱ्यानं लिहिलेलं तोंडातून काढायचं नाही. वसईत एका माणसानं घराच्या मागच्या खोलीला गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. तिथं माझी गाणी कॅसेटवर भरली. कुत्रं भुंकलं की थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. कव्हरवर माझं नाव मोठ्या अक्षरांत घातलं. नळाचं गाणं सगळ्यांत पहिलं.

कॅसेट घेऊन मी कार्यक्रम करू लागले, कुठं गणपतीत, कुठं महिला मंडळात. वसईतल्या एका हॉलमध्ये नळाचं गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला मागून एक मुलगी म्हणाली, "मावशी, शब्द चुकले. विहीर आहे तिथं." चांगल्या मनानं म्हणाली, मदत करायला. मी सांगितलं, "बाळा, हे मी लिहिलंय." तर हॉलमध्ये हशा पिकला. एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि मला व्यवस्थित ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "हल्ली कुणीही काहीही आपलं म्हणतं." मी गाणं पूर्ण केलं. नळच म्हटला. टाळ्या कमी पडल्या, पण विहीर नाही म्हटली.

त्या कॅसेटी आता पलंगाखाली पडल्यात आणि घरात कॅसेट वाजवायला काही नाही. विहीर मात्र जिथं तिथं आहे, तुझ्या डीजेकडेही. लोक मला समजावतात, गाणं लोकांत गेलं हाच मोठा मान. असेल. पण मान कुणाला मिळाला? मला तर कुणी नाचायलाही बोलावलं नाही.

मी गाणी करायची थांबले नाही हं. अजून करते. नवीन आहेत कितीतरी, ती कुणाला दिली नाहीत, रेडिओला नाही नि कॅसेटवाल्याला नाही. पण वरचा सूर आता लागत नाही, थोडं गायलं की घसा बसतो, आणि माझ्याबरोबर ती गेली की त्यांना विहीरसुद्धा मिळायची नाही. तुझा आवाज बरा आहे. परवा नाचताना गात होतीस तेव्हा ऐकलाय मी, रागातसुद्धा ऐकलाय. मी गाईन, तू मागून म्हण, शब्द जसेच्या तसे, आणि कुणी विचारलं की माझं नाव सांग. एका बसण्यात व्हायचं नाही हे. आज जा, तुला उशीर होतोय. पण पुढच्या लग्नापर्यंत थांबू नकोस गं. येत्या रविवारीच ये.